वाढते भाव, घरची वही आणि उधारीचें कार्ड

आमच्या लहानपणीं प्रत्येक वाण्याच्या दुकानांत गादीशेजारीं लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही असे. तींत आळींतील प्रत्येक घराचें एक पान असावयाचें. महिनाअखेर पगार झाला कीं घरचा कर्ता पुरुष दुकानावर जाऊन तें पान चुकतें करी, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा त्याच पानावर तूरडाळ नि गूळ चढूं लागे. हा व्यवहार उधारीचाच होता. परंतु त्या उधारीला चेहरा होता. कोणत्या घरीं किती पगार येतो, कोणाकडे लग्न निघालें आहे, कोणाचें आजारपण लांबलें आहे, हें सारें वाण्यास ठाऊक असे. पान फार लांबूं लागलें तर सामान न्यावयास आलेल्या मुलास तो हळूच म्हणे, “बाबांना जरा दुकानावर येऊन जायला सांग हो.” त्या एका निरोपानें घरांत जी धांदल उडे ती वकिलाच्या नोटिशीनेंही उडाली नसती.

ती वही आतां बहुतेक ठिकाणीं दिसेनाशी झाली असून तिच्या जागीं खिशांत मावणारें एक कार्ड आलें आहे. हें कार्ड तसला निरोप पाठवीत नाहीं. उलट आपण नियमानें पैसे भरूं लागलों कीं “आपली मर्यादा वाढवून घ्या” असा आग्रहाचा संदेश येतो. वाण्याची वही आपणांस थांबवीत असे. कार्डानें थांबण्याचें काम आपल्याकडेच सोंपविलें आहे. एवढा एक भेद नीट ध्यानांत घेतला तर या विषयांतील अर्धें शहाणपण हातीं आलें असें समजावें.

आम्ही कार्डाची निंदा करण्यास बसलों नाहीं. विळीनें भाजी चिरते आणि बोटही कापतें; म्हणून कोणी विळी घराबाहेर फेकून देत नाहीं. परंतु वाढत्या भावांच्या दिवसांत हें हत्यार सुशिक्षित आणि काटकसरी म्हणविणाऱ्या घरांत कोणत्या वाटेनें शिरतें, याचा धडा आम्हांस आमच्याच घरीं मिळाला. शिकलेला धडा शिक्षकानें स्वतःपाशीं ठेवूं नये, म्हणून हा लेख.

कार्डाचें कूळ

या कार्डाची कल्पना फार जुनी नाहीं. 1950 सालीं न्यूयॉर्क शहरांत ‘डायनर्स क्लब’ या नांवानें उपाहारगृहांतील बिलें एकत्र करून मागाहून भागविण्याची सोय सुरू झाली. मात्र तेथें आलेलें बिल पुरतें चुकतें करावें लागे. पुढें 1958 सालीं ‘बँक ऑफ अमेरिका’ या बँकेनें कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो या शहरीं सुमारें 60,000 कार्डें, लोकांनीं मागितलेलीं नसतां, टपालानें घरोघर पाठविलीं. या कार्डावरील देणें थोडेंसें फेडून बाकीचें व्याजानें पुढें ढकलण्याची मुभा होती. आज आपण ज्यास क्रेडिट कार्ड म्हणतों त्याचा स्वभाव तेथें ठरला. आपल्या देशांत सेंट्रल बँक ऑफ इंडियानें 1980 सालीं असें कार्ड काढलें.

न मागतां कार्ड पाठविण्यास आपल्या रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. 2022 सालच्या तिच्या आदेशांत तर असें सांगितलें आहे कीं, न मागितलेल्या कार्डाबद्दल कोणी पैसे आकारले तर ते परत करावेत आणि शिवाय त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकास द्यावी. परंतु कायदा दारांतून येणारें कार्ड अडवूं शकतो. आपण स्वतः मागून घेतलेलें कार्ड घरांत काय करतें, हें पाहण्यास कायदा येत नाहीं.

भाव चढतात म्हणजे काय होतें

महागाईविषयीं आपल्या घरांत बोलणें पुष्कळ होतें, हिशेब थोडा होतो. सरकार दर महिन्यास ग्राहक किंमत निर्देशांक प्रसिद्ध करतें व मागील वर्षाच्या त्याच महिन्याशीं तुलना करून भाववाढीचा दर सांगतें. जुलै 2023 मध्यें, टोमॅटो भडकले तेव्हां, हा दर 7.44 टक्के होता. ऑक्टोबर 2025 मध्यें तो अवघा 0.25 टक्के इतका खालीं आला. त्या वेळीं पुष्कळांनीं विचारलें कीं, महागाई जर उरली नाहीं तर आमचें वाण्याचें बिल पूर्वीसारखें कां होत नाहीं?

याचें उत्तर सोपें आहे. हा दर म्हणजे जिना चढण्याचा वेग होय. जिना चढणारा मनुष्य दमून एका पायरीवर थांबला, म्हणजे तो खालीं उतरला असें होत नाहीं. कांहीं भाज्या-डाळी उतरतातही. परंतु शाळेची फी, औषधें, मजुरी, भाडें हीं एकदां चढलेल्या पायरीवरून सहसा खालीं येत नाहींत. 2016 सालीं सरकारनें रिझर्व्ह बँकेस भाववाढ 4 टक्क्यांच्या आसपास राखण्याचें उद्दिष्ट घालून दिलें, दोन टक्के इकडे किंवा तिकडे चालतील असें ठरविलें. म्हणजे सर्व कांहीं ठरल्याप्रमाणें घडलें तरी भाव चढणारच आहेत. 72 या संख्येस वाढीच्या दरानें भागिलें असतां दुप्पट होण्यास लागणारीं वर्षें सुमारें निघतात. 4 टक्क्यांनीं अठरा वर्षांत, 6 टक्क्यांनीं बारा वर्षांत भाव दुप्पट होतात. नात पहिलींत असतांना जें सामान 1,000 रुपयांत येतें, तें तिची शाळा संपेपर्यंत 6 टक्क्यांच्या मानानें 2,000 रुपयांवर जाईल, हें गृहीत धरूनच संसार मांडला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. निर्देशांक हा साऱ्या देशाच्या टोपलीचा असतो, आपल्या पिशवीचा नव्हे. 2023–24 च्या सरकारी घरखर्च पाहणींत शहरी कुटुंबाच्या खर्चापैकीं सुमारें 40 टक्के व ग्रामीण कुटुंबाच्या खर्चापैकीं सुमारें 47 टक्के खर्च खाद्यपदार्थांवर होतो असें दिसून आलें. ज्या घरीं दोन वृद्ध मधुमेही आहेत त्या घरची महागाई औषधांच्या भावानें ठरते. ज्या घरीं तीन मुलें शाळेंत आहेत त्या घरची फीच्या आंकड्यानें. म्हणून प्रत्येक घरानें आपला स्वतःचा निर्देशांक करावा. नित्याच्या वीस जिनसा निवडाव्या, दर चैत्रांत त्यांचे भाव एका पानावर लिहावे आणि गतवर्षीच्या पानाशीं ताडून पाहावे. यास अर्थशास्त्र यावें लागत नाहीं, बेरीज आली म्हणजे पुरे. हें आज आम्ही सांगतों खरे. पण आम्हीं तें वेळेवर केलें नाहीं.

आमच्या घरची गोष्ट

आमचें कुटुंब एकत्र आहे. आम्ही उभयतां, दोन चिरंजीव, दोन सुना आणि तीन नातवंडें, अशीं नऊ माणसें एका चुलीवर जेवतात. वाणसामान, दूध, भाजी, गॅस आणि किरकोळ औषधें यांसाठीं एक सामाईक निधि आहे. त्यांत आमच्या निवृत्तिवेतनाचा कांहीं भाग व दोघां मुलांचे वांटे पडतात. 2019 च्या पाडव्यास आम्हीं हा निधि दरमहा 30,000 रुपये ठरविला. बाजारहाट धाकट्या सूनबाई पाहतात. वही आम्ही लिहितों. दर गुढीपाडव्यास पंचांगवाचन झालें कीं आम्ही वर्षाचा जमाखर्च सर्वांसमक्ष वाचून दाखवीत असूं. 2020 पासून 2023 पर्यंत चारही पाडव्यांस आम्हीं मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, बाहेर एवढा भावांचा भडका उडाला असतां आपलें घर त्याच 30,000 रुपयांत चाललें आहे. आल्यागेल्यासही आम्हीं ही गोष्ट ऐकविली. एका स्नेह्यांनीं तर आमची वही पाहावयास मागितली होती.

2023 च्या दिवाळीपूर्वीं एके दुपारीं टपालानें आलेलें एक पाकीट आम्हीं विजेचें बिल समजून फोडलें. आंत धाकट्या चिरंजीवांच्या नांवाचें कार्डाचें मासिक पत्रक होतें. देणें बाकी 96,000 रुपये. त्या क्षणीं आमच्या मनांत काय आलें तें लिहितांना आज लाज वाटते. उपाहारगृहें, कपडे, नवें दूरध्वनियंत्र, काय काय म्हणून आम्हीं मनांत आणलें नाहीं! संध्याकाळच्या भाषणाचीं वाक्यें मनाशीं जुळवीत आम्ही खरेदीची यादी वाचूं लागलों.

पहिली ओळ वाणसामानाची. दुसरी औषधांच्या दुकानाची. औषधें आमच्याच रक्तदाबाचीं होतीं. तिसरी गॅसची, चौथी पुन्हा वाणसामानाची. सबंध यादींत चैन म्हणावी अशी एकच नोंद होती, आणि ती नातीच्या वाढदिवसाच्या केकची.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्हीं पत्रक समोर ठेवलें. चिरंजीव खालीं मान घालून बसले. सूनबाई मात्र शांतपणें म्हणाल्या, “अण्णा, तुम्ही दर पाडव्याला सगळ्यांना वाचून दाखवतां कीं एवढ्यांत घर चालतं. मग कमी पडतं असं मीं कुठल्या पानावर लिहायचं?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. 2021 मध्यें महिन्यास दोन-अडीच हजार कमी पडूं लागले तेव्हां त्यांनीं ते आपल्या शिकवण्यांच्या पैशांतून घातले. पुढें तेवढ्यानें भागेना, म्हणून 2022 च्या पावसाळ्यापासून कार्ड पुढें आलें. महिन्यास पांच-सहा हजारांची खरेदी कार्डावर होई, वहींत 30,000 चा आंकडा जुळे, आणि पत्रकांतील ‘किमान देय रक्कम’ तेवढी मुलगा भरी. आमच्या सौभाग्यवतींस याची कुणकुण होती असें नंतर कळलें. त्या म्हणाल्या, “भाजीवाली कोथिंबिरीचे वेगळे पैसे घ्यायला लागली, त्याच दिवशीं मला समजलं. तुम्हांला मंडईत जाऊन किती वर्षं झालीं?”

आमच्या वहींतील अक्षर सुरेख होतें, बेरजा बिनचूक होत्या, आणि वही खोटी होती. भाव चढले तरी निधि चढवावयाचा नाहीं, असा जो आमचा हट्ट होता त्याचें व्याज आमचीं मुलें भरीत होतीं. काटकसर आणि कंजूषपणा यांतील भेद आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें शिकविला; घरांत तो आम्हांस एका पत्रकानें शिकविला.

व्याजाचें गणित

त्या रात्रीं आम्हीं पाटी घेऊन बसावें तसा कागद घेतला. दर होता दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाचे 42. 96,000 रुपयांवर एका महिन्याचें व्याज 3,360 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के वस्तु व सेवा कर, म्हणजे 604 रुपये 80 पैसे. दोन्हीं मिळून 3,964 रुपये 80 पैसे. किमान रक्कम म्हणून बाकीच्या 5 टक्के, म्हणजे 4,800 रुपये भरले, तर मुद्दलांत जमा झाले अवघे 835 रुपये 20 पैसे. आणि त्याच महिन्यांत पांच हजारांची नवी खरेदी! गळक्या घागरींत पाणी भरण्याचा हा उद्योग मुलगा जवळजवळ दीड वर्ष मुकाट्यानें करीत होता. किमान रक्कम भरणारा मनुष्य थकबाकीदार ठरत नाहीं, म्हणून त्यास आपण देणें फेडीत आहों असें वाटत राहतें. हा भ्रम किती घातक आहे हें जाणूनच, केवळ किमान रक्कम भरीत गेल्यास फेड महिनेच्या महिने किंवा वर्षेंच्या वर्षें लांबेल व व्याज चढत जाईल, असा इशारा पत्रकावर छापण्याचें बंधन रिझर्व्ह बँकेनें घातलें आहे. इशारा तेथें होता. वाचण्याचें धैर्य कोणास नव्हतें. आणि कोणी कांहींच न भरतां व्याज मुद्दलांत मिळूं दिलें, तर वरील 72 च्या कोष्टकानें सुमारें वीस-एकवीस महिन्यांत देणें दुप्पट होतें.

कौटिलीय अर्थशास्त्रांत शेंकडा दरमहा सव्वा पण हें व्याज धर्म्य म्हणून सांगितलें आहे. व्यापारी व्यवहारास पांच पण, अरण्यांतून माल नेणाऱ्यांस दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांस वीस. जितकी जोखीम अधिक तितकें व्याज अधिक, हें तत्त्व त्यांत स्पष्ट आहे. आमच्या सूनबाई ना अरण्यांत गेल्या होत्या ना समुद्रावर. कोपऱ्यावरून तूरडाळ आणण्यासाठीं त्यांस धर्म्य दराच्या पावणेतीनपट व्याज पडत होतें. आमच्या स्मृतिकारांनीं दामदुपटीचाही नियम घालून दिला होता. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये, हा तो नियम होय. मुंबई इलाख्यांतील न्यायालयें इंग्रजी अमदानींतही हिंदु ऋणकोस त्याचा आधार देत असत.

आजच्या कार्डधारकानें मात्र असल्या आधारावर विसंबून राहूं नये. 2008 सालीं राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगानें कार्डावरील थकबाकीस वर्षाला 30 टक्क्यांहून अधिक व्याज लावणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयानें 20 डिसेंबर 2024 रोजीं रद्द केला. तेव्हां व्याजापासून आपलें रक्षण आपणच केलें पाहिजे, आणि त्याचा उपाय एकच: तें लागूंच द्यावयाचें नाहीं.

आम्हीं दुसऱ्याच दिवशीं आमची एक मुदत ठेव मोडली. ती सात टक्क्यांची होती. 96,000 रुपयांवर ती महिन्यास 560 रुपये मिळवून देई, आणि तेवढ्याच रकमेचें देणें महिन्यास 3,360 रुपये खाऊन टाकी. एका खिशांत ठेव जपावयाची आणि दुसऱ्या खिशांत सहापट व्याजाचें ऋण वाढूं द्यावयाचें, यांत शहाणपण नाहीं. एकत्र कुटुंबाचें सामर्थ्य अशाच वेळीं उपयोगीं पडावयाचें असतें. अग्नि, रोग आणि ऋण यांचा शेष ठेवूं नये, असें आपले पूर्वज सांगत आले; पण शेष आहे हें घरांत बोलतां आलें तरच तो नाहींसा करतां येतो.

कार्ड बाळगावें तें कसें

एवढें झाल्यावर कार्ड मोडून टाकावें असें आमच्या मनांत आलें होतें. मुलानें तें पटवून घेतलें नाहीं, आणि त्याचें म्हणणें बरोबर होतें. मध्यरात्रीं रुग्णालयांत अनामत भरावी लागली तर कार्ड कामास येतें. सर्व रक्कम वेळेवर भरणारास कांहीं दिवस बिनव्याजी पैसा वापरावयास मिळतो. मात्र आम्हीं घरांत कांहीं नियम केले. ते वाचकांसही उपयोगी पडतील.

पहिला नियम असा कीं, कार्डाची मर्यादा ही आपली मिळकत नव्हे. जी वस्तु घ्यावयाची तिचे पैसे आज बँकेंत असले तरच ती कार्डावर घ्यावी. नसलेल्या पैशांनीं तूप पिण्याचा उपदेश चार्वाकाच्या नांवावर मोडतो. पण त्या तुपाचें पत्रक येतें तेव्हां चार्वाक घरीं नसतो.

दुसरा नियम: किमान रक्कम कधीं भरूं नये, सबंध रक्कमच भरावी, आणि विसर पडूं नये म्हणून सबंध रक्कम आपल्या खात्यांतून परस्पर वळती करण्याची सूचना बँकेस देऊन ठेवावी. थोडी बाकी जरी मागें राहिली तरी बिनव्याजी मुदतीची सवलत जाते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालूं होतें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

तिसरा नियम तारखांचा. समजा, पत्रक दर महिन्याच्या 10 तारखेस निघतें आणि पैसे 30 तारखेस भरावयाचे असतात. तर 11 जूनला केलेल्या खरेदीस 30 जुलैपर्यंत 49 दिवस मिळतात. 10 जुलैच्या खरेदीस मात्र वीसच. कार्ड तेंच, वस्तु तीच, सवलत निराळी. ह्या दोन तारखा आम्हीं पंचांगावर लाल शाईनें लिहून ठेवल्या आहेत.

चौथा नियम: कार्डानें रोख रक्कम काढूं नये. रोख रकमेस बिनव्याजी मुदत नसते; व्याज त्याच दिवसापासून लागतें व शिवाय काढणावळ निराळी पडते.

पांचवा नियम हप्त्यांविषयीं. ‘बिनव्याजी हप्ते’ या शब्दांस भुलूं नये. व्याज शून्य अशी कांहीं गोष्टच नसते, असें रिझर्व्ह बँकेनें 2013 सालीं बँकांस बजावलें होतें. तें व्याज कोठें किंमतींत मुरविलेलें असतें, कोठें नाकारलेल्या सवलतींत, तर कोठें शुल्काच्या नांवाखालीं. रोखीनें ही वस्तु कितीस मिळेल, हा एक प्रश्न दुकानदारास विचारावा. पुष्कळदां उत्तरांतच व्याज सांपडतें.

सहावा नियम एकत्र कुटुंबांनीं विशेष लक्षांत ठेवावा. एका मुख्य कार्डावर घरांतील इतर माणसांस जोडकार्डें मिळतात. परंतु सर्वांच्या खरेदीचें देणें मुख्य कार्डधारकाच्या माथीं असतें. म्हणून जोडकार्ड देतांना त्याची स्वतंत्र मर्यादा ठरवून घ्यावी, आणि महिन्याचें पत्रक त्या सर्वांनीं एकत्र बसून वाचावें.

सातवा नियम सावधगिरीचा. कार्डाचा गुप्त आंकडा अथवा दूरध्वनीवर येणारा एकवेळचा परवलीचा शब्द कोणासही, तो आपण बँकेंतून बोलत आहों असें म्हणत असला तरीही, सांगूं नये. जी खरेदी आपण केली नाहीं ती पत्रकांत दिसली तर त्याच घटकेस बँकेस कळवून कार्ड बंद करवावें, आणि फसवणूक झाली असल्यास 1930 या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. कार्ड नकोसें झाल्यास, देणें बाकी नसतां, अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत तें बंद केलें पाहिजे. न केल्यास पुढील प्रत्येक दिवसास 500 रुपये ग्राहकास द्यावेत, असा 2022 च्या आदेशांतील नियम आहे. आपली पतही वर्षांतून एकदां पाहावी. पत नोंदविणाऱ्या संस्था 300 ते 900 या आंकड्यांत ती मांडतात, व वर्षांतून एकदां आपला अहवाल विनामूल्य देतात. उद्यां नातवाच्या शिक्षणासाठीं कर्ज काढावयास गेल्यावर बँक प्रथम तोच आंकडा पाहते.

ज्यांच्या कार्डावर आधींच देणें सांचलें आहे त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, प्रथम त्या कार्डावरील नवी खरेदी बंद करावी. दोन कार्डें असतील तर अधिक व्याजाचें आधीं फेडावें. ठेव असेल तर मोडावी. नसेल तर कमी व्याजाचें रीतसर कर्ज काढून हें देणें पुरें करावें. आणि या सर्वांच्या आधीं, आजच रात्रीं, घरांत सांगावें. अपमान वाटेल, पण साडेतीन टक्क्यांनीं दरमहा वाढत जाणारी दुसरी लाज पदरीं बाळगण्यापेक्षां तो पुष्कळ स्वस्त पडतो. ज्या वडीलधाऱ्यांस हें सांगितलें जाईल त्यांनीं आधीं यादी वाचावी, मग बोलावें.

वहींतील नवें पान

2024 च्या पाडव्यास आम्हीं जमाखर्च वाचला नाहीं, सूनबाईंनीं वाचला. निधि 38,000 रुपये करण्यांत आला. दर पाडव्यास नित्याच्या वीस जिनसांच्या भावांकडे पाहून तो पुन्हा ठरवावयाचा, असें सर्वानुमतें ठरलें. आम्ही आतां महिन्यांतून दोनदां पिशवी घेऊन मंडईत जातों. कोथिंबिरीच्या जुडीस काय पडतें हें आम्हांस ठाऊक झालें आहे, आणि त्यामुळें घरांतील आमच्या बोलण्यास थोडें वजनही आलें आहे, असें सौभाग्यवतींचें मत आहे.

वहीच्या शेवटीं आम्हीं एक नवें पान घातलें. त्याच्या शिरोभागीं ‘कमी पडलें’ एवढेंच लिहिलें आणि वही बाजारहाट करणारीच्या हातीं दिली. पहिल्या महिन्यांत तें पान कोरें राहिलें. चार पाडव्यांची संवय एका पाडव्यानें जात नाहीं. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस सूनबाईंच्या हस्ताक्षरांत एक ओळ आली: ‘भाजी व फळें, 640 रुपये कमी पडले.’ आम्हीं निधींतून 640 रुपये काढून त्यांच्या हातीं दिले आणि त्या ओळीसमोर सही केली. त्या वहींत आमच्या हातच्या हजारों नोंदी आहेत. परंतु या एका ओळीइतकी खरी नोंद आम्हांस दुसरी सांपडत नाहीं.